तीन कोरड्या खुंट्या

"खुंटी तूच हलवतोयस, दादा. उगाच पाण्याच्या नावाने खापर फोडू नकोस."

धाकटा हे तिसरीच्या वर्गात म्हणाला, म्हणजे शाळेच्या तिसरीच्या वर्गात, जिथे पुरामुळे तीन दिवस झाले चाळीसेक माणसं बाकांवर झोपत होती. फळ्याच्या खिळ्याला टॉवेल वाळत होते, छतातून तीन बादल्यांत टपटप चालू होती, आणि भांडण म्हटल्यावर ती चाळीसच्या चाळीस माणसं अशी गप्प झाली की टपटपसुद्धा मोठी वाटायला लागली. करमणूक नव्हतीच ना दुसरी.

थोरल्याचं पित्त खवळलं. तो रस्त्याच्या खात्यातला रोजंदारीवरचा माणूस. अंगावर नारिंगी जाकीट, कंबरेला हातोडा. या तीन दिवसांत अख्ख्या वस्तीत त्याच्याइतकं मोठं कुणी नव्हतं, आणि हा बारक्या चारचौघांत त्याची काढत होता.

"पाणी चढलं तर खुंटी बुडणार," तो म्हणाला. "मी काय पाण्याला पाय लावून दिले?"

"पाय नाही, डोकं लावून दिलंयस," धाकटा म्हणाला. "काल दुपारी दोन कोरड्या, तिसरी ओली. संध्याकाळी दोन कोरड्या, तिसरी ओली. आज सकाळी परत तेच. पाण्याला तीनपर्यंत मोजता येतं का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. थोरल्याने वळून बघितलं, तर सगळेच बादल्यांकडे बघत होते.

आता ही तीन खुंट्यांची भानगड काय, ती सांगायलाच हवी. वस्तीतून बाहेर जायला दोन रस्ते. वरचा डोंगरातला, त्यावर दरड कोसळली होती, आणि ती बाजूला करायला महिना जाणार होता. खालचा नदीच्या फरशीवरून, म्हणजे त्या बुटक्या पुलावरून, ज्याला कठडा वगैरे काही नाही आणि पाणी जरा चढलं की जो बुडतो. फरशीजवळ पाणी मोजायचा रंगवलेला खांब होता, तो पहिल्याच दिवशी वाहून गेला. मग खात्याची जुनी पद्धत सुरू झाली. दर तासाला पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोकायची. पुढच्या तासाला ती कोरडी दिसली तर पाणी उतरतंय, पाण्यात दिसली तर चढतंय. लागोपाठ तीन कोरड्या मिळाल्या की लोडर, म्हणजे माती उचलायचं ते यंत्र, आपल्या पुढच्या मोठ्या बादलीत माणसांना घेऊन पलीकडे जाणार. मधली एक जरी भिजली, तरी सगळ्या उपटायच्या आणि पुन्हा एकपासून. खुंट्या सहाच होत्या, बाकीच्या खांबाबरोबरच गेल्या.

आणि थोरल्याला त्याच्या जुन्या मुकादमाने एक गोष्ट डोक्यात घालून दिली होती. पाण्याकडे बघायचं नाही, खुंटीकडे बघायचं. वाहतं पाणी बघत राहिलं की डोळा फसतो, चढतंय का उतरतंय कळत नाही. थोरल्याने ते इतकं मनावर घेतलं होतं की तीन दिवसांत त्याने नदी अशी बघितलीच नव्हती. सहा लाकडं बघितली होती.

बारक्याची घाई सगळ्यांना ठाऊक होती. त्याला जहाजावर काम मिळालं होतं, इंजिनरूममध्ये पुसापुशीचं. दोन वर्षं अर्ज करून करून चपला झिजल्या, तेव्हा कुठे बोलावणं आलं. उद्या सकाळी दहाला बंदरावर हजर, नाहीतर यादीतला पुढचा माणूस. पलीकडून बस धरली तर सहा तास. म्हणजे आज फरशी ओलांडली तर जहाज, नाहीतर पुन्हा थोरल्याच्या घरात तीच गादी.

आणि थोरला आठ दिवसांपूर्वी जेवताना बोलून गेला होता, की जहाजावर जायचं काय अडलंय, मी खात्यात चिकटवतो. बोलला ते बोलला, आता ते अंगाशी आलं.

"मी कशाला अडवू तुला?" तो म्हणाला.

"ते तुलाच ठाऊक," धाकटा म्हणाला, आणि बाकाखालची बॅग ओढून तिच्यावर पाय ठेवून बसला. कुणी चोरून नेईल म्हणून ठेवतात ना, तसा.

थोरला पाय आपटत खाली गेला. वळणावर दोरी बांधलेली, तिच्याजवळ पत्र्याची खोप, आणि दोरीच्या पुढे खात्याच्या माणसाशिवाय कुणी जायचं नाही असा नियम. खरं तर एक सवलत होती. आई त्याचा डबा आणि चहाची बाटली घेऊन यायची, ती दोरीखालून वाकून सरळ आत. तिला कोण अडवणार.

खोपीत उपटलेल्या खुंट्या पडल्या होत्या. थोरल्याने रागारागात एक उचलली. तीनपर्यंत मोजता येतं का म्हणे. पण ते वाक्य पायात काटा मोडावा तसं सलत होतं. खरंच, दर वेळी तिसरीच का?

त्याने खुंटीचं डोकं बघितलं. वर लाल रंग. त्याच्या हातोड्याचं तोंड चौकोनी, म्हणून रंगावर चौकोनी ठसे. पण या खुंटीवर चौकोनांच्या वर गोल ठसे होते. लहान, वाटीच्या बुडाएवढेसुद्धा नाहीत, आणि प्रत्येक गोलाला एका बाजूला खाच. त्याने बाकीच्याही उचलल्या. सहांपैकी तीन खुंट्यांवर गोल.

मग त्याने आणखी एक केलं, जे आधीच करायला हवं होतं. दोरी पाण्यापासून बारा पावलांवर बांधायची, हा नियम. काल त्यानेच मोजून बांधली होती. आता तो दोरीपासून पाण्यापर्यंत चालत गेला. दहा, अकरा, बारा. पाणी अजून लांब. सतरा झाली तेव्हा बूट भिजला.

म्हणजे पाणी कालपासून उतरतंय. आणि कुणीतरी दर वेळी तिसरी खुंटी उपटून पुढे पाण्यात नेऊन ठोकतंय, तो रस्त्याखालच्या मोरीतला कचरा काढायला गेला की. मोरी वळणापलीकडे, तिथून फरशी दिसत नाही. दर तासाला वीस मिनिटं तो तिकडेच असतो.

वर जाऊन सांगावं का? तो दोन पावलं गेला आणि थांबला. सांगणार काय? कुणीतरी माझ्या खुंट्या हलवतंय? अर्ध्या तासापूर्वी बारक्या हेच म्हणाला आणि चाळीस माणसांनी ऐकलं. आता तेच स्वतःच्या तोंडाने बोललं तर लोक म्हणणार, पकडला गेला म्हणून गोष्ट रचतोय. शिवाय लोडरवाला पावलं मानणार नाही. तो खुंट्या मानतो. आधी चोर पकडायचा, मग बोलायचं.

अकराला त्याने पहिली खुंटी ठोकली. बाराला बघितली, कोरडी. दुसरी ठोकली.

तेवढ्यात लोडरवाला लोडर घेऊन आला. त्याला सगळे मामा म्हणायचे, कुणाचाच सख्खा मामा नव्हता तरी. पोट पुढे, टोपी मागे. पोलिसांच्या वायरलेसवर निरोप होता, तो सांगायला आला होता. वरच्या धरणाचे दरवाजे चारला उघडणार. चारनंतर दोन दिवस फरशी विसरा.

थोरल्याने बोटं मोजली. आताची दुसरी एकला कळेल, तिसरी दोनला. तिसरी कोरडी निघाली तर दोनला लोडर निघेल. भिजली तर पुन्हा तीन तास, म्हणजे पाच. म्हणजे संपलं.

"दोन दिवस आणखी शाळेतच मुक्काम मग," मामा म्हणाला आणि पोटावरून हात फिरवला. शाळेत त्याला दोन्ही वेळा पहिली पंगत मिळत होती, कारण लोडरवाल्याला नाराज कोण करणार. थोरल्याच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. याला तर जायचंच नाही. आणि लोडरच्या बादलीला लोखंडी खीळ बसते ती गोल असते.

मामा झाडामागे गेला तसा थोरला लोडरवर चढला आणि सीटखालची जादा खीळ काढून बघितली. गोल होती खरी. पण मनगटाएवढी जाड, आणि खाच कुठेच नाही.

"काय शोधतोस?" मामा मागे येऊन उभा होता.

"काही नाही. पाना."

"पाना सीटखाली नसतो," मामा म्हणाला, आणि त्याच्याकडे असं बघितलं की आता मामाच त्याच्यावर संशय घ्यायला लागला.

त्यानंतर थोरल्याला सगळेच चोर दिसायला लागले. जेवायला वर शाळेत गेला तर बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, असं काय बघताय, मीठ जास्त झालंय का. ती तर बारक्या जायच्या दिवसाची वाट बघत होती, तिला घरातली त्याच्या गादीची जागा हवी होती, म्हणून ती सुटली. मग बारक्याकडे बघितलं. आणि एक वाईट विचार आला. हाच तर नसेल? आतून जायची भीती वाटत असेल, आणि न जाण्याचं खापर माझ्यावर. आयुष्यभर बोलायला मोकळा, दादाने अडवलं म्हणून. धाकटा बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत होता आणि त्याच्याकडे बघत नव्हता.

आई भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, किती वाजता बघणार तिसरी. थोरला म्हणाला दोनला. ती म्हणाली, मग मी चहा घेऊन येते मधेच, तू मोरीवर असलास तर खोपीत ठेवते.

एकला दुसरी बघितली. कोरडी. थोरल्याने तिसरी पाण्याच्या अगदी कडेला ठेवली आणि नेहमीसारखे पाच घाव घातले. सगळ्यांना ऐकू जातील असे. मग खांद्यावर फावडं टाकून, शीळ घालत, वळणापलीकडे गेला. आणि डोंगराच्या बाजूने झुडपांतून ओरबाडत परत येऊन मागच्या फटीतून खोपीत शिरला. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, त्यातल्या एकाला डोळा लावून बसला.

पावसाची बारीक भुरभुर चालू होती. पाणी तपकिरी, त्यावर कुणाचं तरी प्लॅस्टिकचं स्टूल चाललेलं. दहा मिनिटं गेली. त्याने मनात ठरवून ठेवलं होतं, मामा असला तर कॉलर धरायची. बारक्या असला तर आधी एक कानाखाली, मग बोलणं.

दोरी हलली.

आई होती. हातात छत्री, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. चहा, त्याला आठवलं. नेमकी आत्ता कडमडली, आता चोर येणार नाही. तो उठून तिला हाकलायला निघणार, तेवढ्यात त्याने पिशवी बघितली. पिशवी एका बाजूला ओढली जात होती. चहाच्या बाटलीने पिशवी अशी लटकत नाही.

ती खोपीकडे आलीच नाही. सरळ पाण्याकडे गेली. छत्री मिटून जमिनीवर ठेवली, दोन्ही हातांनी खुंटी डावी-उजवी हलवून हलवून सैल केली, अगदी सवयीने, आणि उपटली. भोकावर पायाने चिखल सारला. मग कपडे वर न खोचता तशीच पाण्यात उतरली. घोटा, पोटरी, गुडघा. तिथे उभं राहून तिने पिशवीतून बत्ता काढला. घरातला लोखंडी बत्ता.

थोरल्याला खाच आठवली. ती त्यानेच पाडली होती. आठ वर्षांचा असताना बेअरिंगमधल्या गोळ्या काढायला त्याने त्या बत्त्याने बेअरिंग फोडलं, बत्त्याच्या तोंडाचा टवका उडाला, आणि आईने त्याच बत्त्याच्या दांड्याने त्याची पाठ शेकली. एवढा वेळ तो ठसा बघत होता आणि त्याला ओळखू आला नाही.

पाणी तिच्या गुडघ्याशी जोर करत होतं. ती एकदा डावीकडे झुकली, खुंटी धरून सावरली. थोरल्याच्या तोंडून हाक निघाली नाही. हाक मारली आणि ती दचकली तर, असं त्याने नंतर स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याला काय हाक मारावी तेच सुचलं नाही.

ती बाहेर आली, बत्ता पुसून पिशवीत ठेवला, छत्री उघडली. तेव्हा तो खोपीतून बाहेर आला.

आई थांबली. पकडलं गेल्यावर माणूस घाबरतं, तशी ती घाबरली नाही. थकली.

"बघितलंस?"

"पाण्यात काय उतरतेस? पाय घसरला असता तर?"

"तर थांबला असता तो," आई म्हणाली.

आई पाण्याकडे बघत म्हणाली, की तुझा बापही याच फरशीवरून गेला, कोरड्या फरशीवरून, उन्हात, बसमधून, दोन महिन्यांत येतो म्हणून. सोळा वर्षं झाली. वाहून गेला असता तर रडून मोकळी तरी झाले असते. बारक्या तेव्हा सहा वर्षांचा होता, आणि बापाच्या हातात अशीच बॅग होती, दोरीने बांधलेली. एवढं सगळं ती भाजीचा भाव सांगावा इतक्या सरळ आवाजात बोलली.

"तू सांगू नकोस त्याला," ती म्हणाली. "जायचं तर जाईल. पण आई अशी होती हे घेऊन नको जायला."

थोरल्याने घड्याळ बघितलं. दोनला पाच कमी. तो पाण्यात उतरला, खुंटी उपटली, चिखलाखाली जुनं भोक बोटांनी चाचपून शोधलं आणि तिथे खुंटी परत बसवली. पाण्याची कड तोवर तिथून दीड पाऊल खाली गेली होती. पहिली, दुसरी, तिसरी. तिन्ही कोरड्या. मग त्याने शाळेच्या दिशेने शिट्टी वाजवली, तीनदा, नियमाप्रमाणे.

दहा मिनिटांत लोडर वळणावर आला, बादलीत आठ माणसं गुडघे जुळवून बसलेली. त्यांत एक तापाने फणफणलेलं पोर, त्याची आई, आणि बॅग पोटाशी धरलेला धाकटा. मागून अर्धी शाळा बघायला. मामा खाली उतरून दोरीपाशी आला आणि तिन्ही खुंट्या त्याने बुटाने हलवून बघितल्या.

"तिसरीभोवतीचा चिखल ताजा आहे," तो म्हणाला. "सकाळपासून बोंबलतोयस चढतंय म्हणून. आता एकदम तीन? आणि लोडरवर काय शोधत होतास रे मघाशी? आठ माणसं बसवलीयत मी. खरं काय ते बोल, नाहीतर मी हलत नाही."

सगळे थोरल्याकडे बघायला लागले. काल रात्रीपर्यंत हेच लोक त्याला विचारून विचारून झोपायचे, भाऊ किती उतरलं, भाऊ उद्या होईल का. आता कुणी भाऊ म्हणत नव्हतं. आई खोपीजवळ उभी होती, पिशवी छातीशी धरून. तिने तोंड उघडलं.

"आई, चहा झाला माझा, तू वर जा," थोरला मोठ्याने म्हणाला. मग मामाकडे वळला. "पाणी कालपासून उतरतंय. दोरी बारावर बांधली होती, आता चालून बघ, अठरा भरतील. तिसरी खुंटी मी हलवत होतो."

मामाने विश्वास ठेवला नाही. तो खरंच चालला. पोट सांभाळत, मोठ्याने मोजत. अठरा भरली. तो परत आला आणि म्हणाला, साहेबांना सांगावं लागेल मला हे, तुझं जाकीट जाणार. थोरला म्हणाला, सांग. तापलेल्या पोराची आई त्याच्याकडे बघत राहिली. तिचं पोर कालपासून तापाने जळत होतं. ते बघणं थोरल्याला शिव्यांपेक्षा लागलं.

धाकटा बादलीतून उडी मारून खाली आला. त्याचे कान लाल झाले होते. सकाळी चाळीस माणसांसमोर आरोप केला होता, तो खरा निघाला, तर माणसाला बरं वाटायला हवं. त्याला वाटलं नव्हतं.

"का?" त्याने विचारलं.

"गादी रिकामी होईल म्हणून," थोरला म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"तुझं तोंड बघायचं नाही मला परत," धाकटा म्हणाला. आईकडे वळला. तिला जवळ घेतलं, आणि घेताना त्यांच्या मधे पिशवी आली. काहीतरी कडक त्याच्या बरगडीला लागलं. तो मागे सरला, पिशवीकडे बघितलं. मग खाली. आईचे कपडे गुडघ्यापर्यंत ओले होते, आणि त्यांना तोच तपकिरी चिखल लागला होता जो थोरल्याच्या बोटांना होता. छत्री तर तिच्याकडे होती, आणि दोरीच्या अलीकडे पाणी नव्हतं.

त्याने आईकडे बघितलं. आई खोपीच्या पत्र्याकडे बघत होती. त्याने थोरल्याकडे बघितलं. थोरला तिन्ही खुंट्यांकडे बघत होता, मुकादमाने शिकवल्यासारखा.

"दादा," धाकटा म्हणाला.

मामाने हॉर्न दिला. लांब, एका दमात. अडीच वाजले होते, आणि वरच्या धरणाला कुणाच्या घरचं काही पडलेलं नव्हतं.

"दादा, ऐक ना..."

"जा."

धाकट्याने बॅग उचलली, खाली ठेवली, परत उचलली. हॉर्न पुन्हा वाजला.

"मला आता निघायला हवं," तो म्हणाला.